न बदलणाऱ्याच्या शोधात

नागपूरचं मिहान विमानतळाला लागूनच असल्यामुळे तिथे गेलं की मान आपोआप वर जाते. उतरायला आलेलं विमान वर्धा रोडवरून जाताना दिसलं, की त्याच्या आत काय चाललंय याची एक गंमत सांगतो. वैमानिकाने टॉवरकडून एक आकडा मागून घेतलेला असतो: आत्ता नागपुरात हवेचा दाब किती धरायचा? तो आकडा उंची दाखवणाऱ्या तबकडीत भरला, की मगच ती तबकडी खरं बोलते. कारण त्या यंत्राला उंची कळतच नाही! त्याला कळतो फक्त हवेचा दाब. वर जावं तसा दाब उतरतो, एवढ्या भांडवलावर ते बिचारं 'अमुक फूट' म्हणतं. पण ते फूट कुठून मोजायचे, हे त्याला बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं. पावसाळी हवेत दाब उतरलाय आणि तबकडीत मात्र दहा हेक्टोपास्कल जास्तीचा आकडा राहिला, तर विमान आहे त्याहून जवळपास पावणेतीनशे फूट वर असल्याचं ती छातीठोकपणे सांगेल. तबकडीत काडीचाही बिघाड नसेल. तिच्या पायाखालची जमीन तेवढी सरकलेली असेल.

याच मिहानमध्ये एम्स आहे, ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालेलं. विमानाचा आणि इस्पितळाचा काय संबंध, असं वाटेल. पण रुग्णाच्या गालाच्या आतून काढलेल्या मसुराच्या दाण्याएवढ्या तुकड्यात एखादं जनुक किती जोरात काम करतंय, हे ज्याला मोजायचंय, त्याच्यापुढे अगदी अशीच तबकडी असते. मग तो मिहानमध्ये बसलेला असो नाहीतर म्युनिकमध्ये. त्याला 'जास्त' किंवा 'कमी' म्हणायचंय. पण कशापेक्षा? आणि ते 'कशापेक्षा' स्वतःच हललं तर?

गालाचाच तुकडा घेतला, कारण हे विदर्भ आहे. इथे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून त्याचा खर्रा करतात आणि तो दिवसभर गालात ठेवतात. वर्षानुवर्षं असं चाललं की गालाची आतली मऊ त्वचा पांढुरकी, ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी सहज जातात. इथे एक जायची मारामार. पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांना हे १९५२ मध्ये दिसलं, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याचं वर्णन केलं. 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव तेव्हापासूनचं. यातल्या काही जणांना पुढे कर्करोग होतो. मुख्य गुन्हेगार सुपारी. पूजेत गणपती म्हणून जिला आपण तांदळावर बसवतो, तीच. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा कर्ककारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये दिला.

आता त्या तुकड्याच्या आत शिरू.

तुमच्या गालातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत जनुकं तीच असतात, सुमारे २०,०००. तरी गाल गालच राहतो आणि यकृत यकृतच. कसं? तलाठ्याचं दप्तर आठवा. मूळ नोंदवही कपाटाबाहेर जात नाही. लोकांच्या हातात फिरतात त्या नकला. पेशीतलं डीएनए म्हणजे ते कपाटातलं दप्तर आणि आरएनए म्हणजे नकला. कुठल्या पानाच्या किती नकला काढायच्या हे प्रत्येक पेशी आपलं आपण ठरवते, आणि आजारी पडली की हा हिशोब बदलते. म्हणजे नकला मोजल्या की पेशीच्या मनात काय चाललंय ते कळलं!

बोलायला सोपं. या नकला भारी नाजूक असतात. त्यांचे तुकडे करणारी विकरं आपल्या बोटांवरच बसलेली असतात. हातमोजा न घालता नळीला हात लावलात तर नमुना गेला म्हणून समजा. म्हणून तुकडा काढल्या काढल्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात आणि मग उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना भिंतीच्या आतबाहेर सव्वाशे अंशांचा फरक राखायचा, आणि वीज तर जाता कामा नये!

नकला मोजायच्या तर आधी त्यांवरून डीएनए लिहून घ्यायचं आणि मग त्याच्या प्रती वाढवायच्या. त्यासाठीची दोन आयुधं उसनी आणलेली आहेत, आणि कुठून आणली ते ऐकण्यासारखं आहे. नकलेवरून उलट डीएनए लिहिणारं विकर सापडलं विषाणूंमध्ये. टेमिन आणि बाल्टिमोर या दोघांनी ते वेगवेगळ्या प्रयोगशाळांत १९७० मध्ये शोधलं. आजही प्रयोगशाळांत त्याचं जे रूप सर्रास वापरतात, ते मूळचं उंदरांच्या विषाणूचं. दुसरं विकर आलं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूकडून. इतर विकरं जिथे शिजून जातात त्या तापमानातही हे शांतपणे काम करतं. त्याच्या जोरावर पीसीआर चालतं: ९५ अंशांना तापवा, थंड करा, प्रत काढा, पुन्हा तापवा. कॅरी मुलिस यांना ही युक्ती १९८३ मध्ये सुचली आणि दहा वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं.

प्रत्येक फेरीला प्रती दुप्पट. एकाच्या दोन, दोनाच्या चार. तीस फेऱ्यांनंतर किती? एका प्रतीच्या १०७ कोटींहून जास्त! नळीत एक चमकणारा रंग घातलेला असतो. प्रती वाढतील तशी चमक वाढते, आणि ठरलेली रेषा ती कितव्या फेरीला ओलांडते हे यंत्र टिपून ठेवतं. तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. हो, तीच. २०२१ च्या उन्हाळ्यात घराघरांत जिची चर्चा होती आणि छातीच्या सीटी स्कॅनच्या स्कोअरशी जिची हमखास गल्लत व्हायची, ती. सुरुवातीला प्रती जितक्या जास्त, तितकी रेषा लवकर ओलांडली जाणार. म्हणून आकडा लहान म्हणजे माल जास्त. एका फेरीचा फरक म्हणजे दुप्पट, दोन फेऱ्यांचा चौपट, दहा फेऱ्यांचा हजारपट.

मग अडलं कुठे? अडलं असं, की एक तुकडा मसुराएवढा होता आणि दुसरा तुरीच्या दाण्याएवढा. एकातल्या नकला बाहेर काढताना निम्म्या सांडल्या, दुसऱ्यातल्या पाव. एका नळीत विकर तरतरीत होतं, दुसऱ्यात सुस्त. आकड्यांतला फरक आजारामुळे पडला की या सगळ्या भानगडींमुळे, हे सांगणार कोण?

नागपूरकरांनी याचं एक छोटं रूप अनुभवलंय. कोविडच्या काळात इथल्याच नीरी या संशोधन संस्थेने नाकात काडी घालण्याऐवजी मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटी-पीसीआर करायची पद्धत काढली, २०२१ मध्ये. आता समजा, तपासणीत विषाणू सापडला नाही. माणूस निरोगी म्हणून सापडला नाही, की नळीत नुसतंच मिठाचं पाणी होतं म्हणून? हे ओळखायला कोविडच्या कित्येक किटमध्ये विषाणूबरोबर माणसाचं एक जनुकही शोधत. आरनेज पी हे त्यातलं नावाजलेलं. ते दिसलं म्हणजे नमुन्यात माणसाच्या पेशी नक्की आल्या. तिथे प्रश्न फक्त 'आहे की नाही' एवढाच होता. 'किती' विचारायचं असेल, तर असा साक्षीदार हवा जो सगळ्या नमुन्यांत, निरोगी असो वा रोगी, अगदी सारखाच बोलेल. मग आपल्या जनुकाचा आकडा त्याच्या आकड्याशी ताडून बघायचा. सांडलवंड झाली तर दोघांचीही सारखीच होणार, आणि वजाबाकीत ती उडून जाणार. किती देखणी युक्ती आहे ही!

अशा साक्षीदाराला संदर्भ जनुक म्हणतात. कोणाला नेमायचं? शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं सरळ विचार केला: प्रत्येक पेशीला चूल पेटवावीच लागते, घराचे वासे धरून ठेवावेच लागतात. तेव्हा ही घरकामाची जनुकं कधी बदलत नसणार. त्यांचं नावच पडलं 'हाऊसकीपिंग जीन्स'. चुलीसाठी जीएपीडीएच, साखर जाळण्याच्या मालिकेतलं सहाव्या पायरीचं विकर. वाशांसाठी बीटा-ॲक्टिन. हजारो शोधनिबंध या दोघांच्या भरवशावर लिहिले गेले.

आता कर्करोगाच्या पेशीकडे बघा. ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की या पेशी साखरेवर अक्षरशः तुटून पडतात. १९३१ चं नोबेल ज्यांना मिळालं तेच हे वारबुर्ग. ज्या घरात लग्न निघालंय तिथल्या चुलीला आपण 'रोजच्यासारखी' कसं म्हणणार? कित्येक गाठींमध्ये जीएपीडीएच वाढलेलं असतं. प्राणवायू कमी पडला तरी ते वाढतं. आणि खर्ऱ्याने ताठरलेल्या गालात रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यामुळे प्राणवायू कमीच पडतो, म्हणजे कर्करोगाच्या आधीपासूनच ही चूल भडकलेली असू शकते!

याने काय घोटाळा होतो ते हिशोब मांडूनच पाहू. समजा, आपल्याला हव्या त्या जनुकाची सीटी निरोगी तुकड्यात २५ आणि गाठीतही २५. म्हणजे काहीच बदललेलं नाही. पण जीएपीडीएच निरोगी तुकड्यात १८ ला दिसलं आणि गाठीत १६ ला, कारण गाठीत ते खरोखरच चौपट झालंय. वजाबाकी करा: निरोगी ७, गाठ ९. दोन फेऱ्यांचा फरक. निष्कर्ष काय निघाला? 'कर्करोगात हे जनुक एक चतुर्थांशावर घसरलं!' जे मुळी हललंच नाही ते घसरलं, आणि जे हललं तो साक्षीदार म्हणून मानाने बसलाय. विमानाची तबकडी आठवली ना?

ॲक्टिनची तऱ्हा निराळी. वासे घराचे खरे, पण फायब्रोसिसमध्ये घराचंच बांधकाम चालू असतं. धागे विणणाऱ्या पेशी वाढतात, आकार बदलतात, आकुंचन पावतात. कर्करोगाच्या पेशी तर घर सोडून चालू लागतात, आणि चालायला वासेच लागतात. तिसरा उमेदवार बी२एम. हे जनुक पेशीच्या ओळखपत्राचा भाग बनवतं, जे बघून शरीराचे पहारेकरी पेशीला आपलं म्हणतात. सूज आली की ते वाढतं. आणि काही गाठी पहाऱ्याला चकवण्यासाठी ओळखपत्रच फेकून देतात. चौथा १८एस, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्याचा आरएनए. याची अडचण म्हणजे तो पेशीत महामूर असतो. सगळ्या आरएनएत कामाच्या नकला जेमतेम १ ते ५ टक्के. बहुतेक जागा या कारखान्याच्या आरएनएनेच अडवलेली. त्याच्याशी एखाद्या दुर्मीळ नकलेची तुलना करणं म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलणं.

वर आणखी एक मेख आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त छळते. 'निरोगी तुकडा' म्हणतो तो कुठला? बहुतेकदा त्याच माणसाच्या तोंडातला, गाठीपासून थोडा लांबचा. पण खर्ऱ्याचा रस काय गाठीपुरताच लागला होता? शेजारची वरवर धडधाकट दिसणारी त्वचाही बदललेली असते, हे स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच मांडलं होतं. शिवाय गाठीच्या तुकड्यात नुसत्या कर्करोगाच्या पेशी नसतात. धागे विणणाऱ्या, रक्तवाहिन्यांच्या, धावून आलेल्या पांढऱ्या पेशी अशी ती जत्राच असते. दोन तुकड्यांची तुलना म्हणजे दोन गावांच्या बाजारांची तुलना.

तर आता पेच बघा. एखादं जनुक स्थिर आहे की नाही, हे तपासायला त्याला कशाशी तरी ताडायला हवं. ज्याच्याशी ताडायचं ते स्थिर आहे हे कशावरून? त्यासाठी तिसरं. आणि तिसऱ्याचं काय? ही तर साखळी संपतच नाही! खांबच सापडत नाही जिथे दोरी बांधायची.

यावरचा तोडगा २००२ मध्ये बेल्जियममधल्या घेंटहून आला. यो वान्देसोम्पेले आणि सहकाऱ्यांनी दहा घरकामी जनुकं घेतली आणि वेगवेगळ्या ऊतींमध्ये मोजली. त्यांनी काय केलं, ते घड्याळांवरून सांगतो.

समजा घरात सहा घड्याळं आहेत, आणि खरी वेळ सांगणारं बाहेरचं काहीच नाही. ना मोबाईल, ना रेडिओ. रोज संध्याकाळी सहाही घड्याळांची वेळ वहीत लिहा. महिन्याने वही उघडा. बैठकीतलं आणि माजघरातलं यांच्यात रोज बरोब्बर पाच मिनिटांचा फरक. देवघरातलं माजघरातल्यापेक्षा रोज बारा मिनिटं मागे, पण रोज बाराच. आणि स्वयंपाकघरातलं? आज माजघरातल्याच्या तीन मिनिटं पुढे, उद्या अकरा मिनिटं मागे, परवा परत पुढे. आता कोण भरवशाचं आणि कोण नाही, हे सांगायला खरी वेळ कळायची गरज उरली का? एकमेकांबद्दलच्या साक्षीतूनच निवाडा झाला!

जनुकांचंही तसंच. दोन स्थिर जनुकांचं एकमेकांशी गुणोत्तर प्रत्येक नमुन्यात तेच राहायला हवं. तुकडा मोठा असो, छोटा असो, निम्मा सांडो. गुणोत्तर हलत नाही. प्रत्येक जनुकाची बाकी सगळ्यांशी अशी जोडी लावायची, ज्याची गुणोत्तरं सर्वांत जास्त डगमगतात त्याला बाहेर काढायचं, उरलेल्यांचा हिशोब पुन्हा मांडायचा, पुन्हा एकाला काढायचं. शेवटी दोन उरतात. आणि इथे एक झकास गोष्ट होते: त्या दोघांत पहिलं कोण, हे ही पद्धत सांगूच शकत नाही, कारण साक्ष द्यायला तिसरं कोणी उरलेलंच नसतं. या पद्धतीचं नाव जीनॉर्म. एकट्या जनुकावर विसंबण्याची किंमतही त्यांनी काढली: दर चार वेळांतून एकदा चूक तिप्पट किंवा त्याहून मोठी, आणि दहांतून एकदा सहा पटींच्याही वर.

म्हणून त्यांचा सल्ला, साक्षीदार एक नको, निदान तीन घ्या आणि त्यांची सरासरी काढा. पण कुठली सरासरी? एका जनुकाच्या नकला १००० आणि दुसऱ्याच्या १० आहेत असं धरा. साधी सरासरी ५०५. धाकटं दुप्पट होऊन २० झालं तर सरासरी ५१०. धाकट्याचा आवाज कोणाला ऐकूच आला नाही! त्याऐवजी दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा: आधी १००, नंतर १४१. मोठ्या नावाच्या साक्षीदाराने धाकट्याला गप्प बसवू नये, याची तजवीज शाळेतल्या भूमितीय मध्याने केली.

घड्याळांच्या गोष्टीत मात्र एक चोरवाट राहिलीय. त्यातली दोन घड्याळं विजेवर चालणारी आणि एकाच सॉकेटवर लावलेली असतील तर? भारनियमनात रोज दोघंही एकदमच थांबतील, वीज आली की एकदमच चालू होतील, आणि वहीत त्यांच्यातला फरक कायम तोच दिसेल. दोघांनी मिळून साळसूदपणे खोटी साक्ष दिली! पेशीतही काही जनुकं एकाच कळीवर चालतात. आजारात एकदम चढतात, एकदम उतरतात, आणि जीनॉर्म त्यांनाच बक्षीस देऊन मोकळं होतं. डेन्मार्कमधल्या आन्देर्सन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये, मूत्राशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर काम करताना, नॉर्मफाइंडर काढलं ते ही वाट बुजवायला. ते आधीच विचारतं: निरोगी कोण, रोगी कोण? मग प्रत्येक जनुक गटाच्या आत किती हलतं आणि एका गटातून दुसऱ्यात जाताना किती सरकतं, हे वेगवेगळं तोलतं. शहाणी माणसं दोन्ही पद्धती लावतात. वर उमेदवारही वेगवेगळ्या कामांवरचे निवडतात. एक चुलीचं, एक वाशांचं, एक नकला काढणाऱ्या यंत्रणेचं. सगळे एकाच सॉकेटचे नकोत.

हा सगळा प्रयोगशाळेतला काथ्याकूट वाटत असेल, तर ओळखीत कोणी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची गोळी घेत असेल त्याचा रिपोर्ट मागून बघा. या रक्ताच्या कर्करोगात दोन जनुकं चुकून जोडली जातात, आणि गोळी लागू पडतेय की नाही ते त्या जोडजनुकाच्या नकला मोजून ठरतं. रिपोर्टवरचा टक्क्यांचा आकडा, ०.१ च्या खाली गेला की डॉक्टर खुलतात तो, हे एक गुणोत्तर असतं. वर जोडजनुक, खाली संदर्भ जनुक. युरोपातल्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन २००३ मध्ये १४ उमेदवारांतून तीन निवडले, आणि त्यांतल्या एबीएलवर पसंतीची मोहर उमटवली. यातला विनोद कळला का? एबीएल हे त्या चुकीच्या जोडणीतलंच एक जनुक! आजार भरात असताना संदर्भाच्या मोजणीत जोडजनुकही थोडं मिसळतं. म्हणून काही ठिकाणी जीयूएस हे दुसरं जनुक घेतात. गोळी बदलायची की तीच चालू ठेवायची, याचा निर्णय या छेदावर टेकलेला असतो.

आता परत गालाच्या तुकड्याकडे येऊ. समजा १५ रुग्ण आहेत. प्रत्येकाचे दोन तुकडे, म्हणजे ३० नमुने. प्रत्येक नमुना तीन-तीनदा, म्हणजे ९०. पीसीआरच्या प्लेटला खळगे ९६. उरले सहा. त्यातल्या तिघांत नुसतं पाणी घालायचं. ते चमकले तर कुठेतरी हात मळलाय. बाकी तिघांत असा आरएनए, ज्याचं डीएनए मुद्दामच केलेलं नाही. तो चमकला तर मूळ दप्तराचं एखादं पान नकलांमध्ये घुसलंय. जीएपीडीएचच्या बाबतीत ही धास्ती मोठी, कारण त्याच्या साठाहून जास्त मेलेल्या प्रती आपल्या डीएनएमध्ये इकडेतिकडे पडलेल्या आहेत. सगळे नमुने शेजारी शेजारी राहावेत म्हणून एका प्लेटवर एकच जनुक. उमेदवार दहा, म्हणजे प्लेटा दहा, आणि प्रत्येक खळग्यात पिपेटने हाताने थेंब सोडायचा. ९६० थेंब झाले, तरी मूळ प्रश्न अजून विचारलेलाच नाही. ज्या जनुकासाठी हा सगळा खटाटोप मांडला, त्याची पाळी अकराव्या प्लेटला.

आणि पुढच्या महिन्यात गालाऐवजी जिभेचे तुकडे आले, तर पुन्हा पहिल्या प्लेटपासून.